डाव्या विंगेतली अंहंबाई

शाळेत बाई पुष्कळ होत्या, पण अंहंबाई एकच. खरं तर त्या भूगोल शिकवायच्या. वर्गात आवाज असा खणखणीत, की त्यांनी तळमजल्यावर वाळवंट शिकवायला घेतलं की वरच्या मजल्यावर गणिताच्या तासाला बसलेल्या पोरांच्या घशाला कोरड पडायची. पण शाळेचं नाटक बसू लागलं की ह्याच बाई रंगमंचाच्या डाव्या विंगेत एका बुटक्या स्टुलावर जाऊन बसायच्या, मांडीवर संहिता आणि हातात पेनाएवढी बॅटरी घ्यायच्या, आणि तोच आवाज एवढा बारीक करायच्या की तो फक्त अडलेल्या पोरालाच ऐकू जावा. शाळेच्या झाडून साऱ्या नाटकांच्या प्रॉम्प्टर त्याच होत्या. त्यांच्या आधी हे काम कोण करत होतं, हे शाळेत कुणाला आठवत नव्हतं.

त्यांची एक ठरलेली पद्धत होती. पोर अडखळलं की त्या एकदम वाक्य सांगत नसत. आधी घसा साफ करायच्या, "अंहं", आणि मगच पुटपुटायच्या. अंहं म्हणजे, बाळा, कान इकडे दे. कुणाला विंगेतून आत सोडायचं असलं तरी तेच: अंहं, आणि पाठीवर हलकी थाप. जुनी पोरं ह्याला सरावली होती. नव्यांची मात्र पंचाईत व्हायची, कारण अंहं म्हणजे नाही, हे त्यांना घरीच शिकवलेलं असायचं. एका वर्षी एक नवाकोरा राजा सिंहासनावर बसायला निघाला आणि अंहं ऐकून जागीच थबकला. पुन्हा निघाला, पुन्हा अंहं. मग त्याने बसायचा नादच सोडला आणि सगळा अंक उभ्यानेच राज्य केलं. राजा फार विनयशील दाखवलाय, असं पालक म्हणाले, आणि बाईंना नाव मिळालं ते कायमचं.

विंगेत बसणाऱ्या माणसाला नाटक कसं दिसतं, ह्याचा आपण कधी विचार करत नाही. अंहंबाईंना ते एका बाजूने दिसायचं. इतक्या वर्षांत इतकी नाटकं झाली, पण एकही त्यांनी समोरून पाहिलं नव्हतं. पोरांचे डावे गाल आणि डावे कान मात्र त्यांना तोंडपाठ होते. बाजारात एखादा मिशीवाला माणूस येऊन म्हणायचा, "बाई, ओळखलंत का?" बाई त्याच्या तोंडाकडे बघून नुसत्या हसायच्या. मग म्हणायच्या, "जरा तिकडे वळ बघू." तो वळला की लगेच, "हां, तू प्रधान होतास. दाढी सारखी निसटायची तुझी." आणि तो मिशीवाला भर बाजारात लाजायचा.

त्या स्टुलावर त्या का बसल्या, ह्यामागेही एक गोष्ट होती, आणि ती त्या हसत हसत सांगायच्या. लहानपणी शाळेच्या नाटकात त्यांना एकच वाक्य होतं. महाराजांपुढे पाण्याचा पेला धरून म्हणायचं, "महाराज, पाणी आणलंय." पेला घेऊन गेल्या आणि वाक्य गेलं ते गेलंच. ह्या विंगेकडे पाहिलं, त्या विंगेकडे पाहिलं, कुणी काही सांगेना. शेवटी घाबरून महाराजांचं पाणी स्वतःच पिऊन टाकलं आणि रिकामा पेला घेऊन परत आल्या. ऐकणारे पोट धरून हसायचे, बाईही हसायच्या. त्यांचा नवरा तेवढा हसायचा नाही. त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि त्याचा दिवस दुसऱ्यांच्या डोळ्यांत डोकावण्यात जायचा, म्हणून की काय, त्याला दिसायचं की "कुणी काही सांगेना" इथे आलं की बायको जरा थांबते.

आता शाळेच्या कपाटाबद्दल सांगायला हवं. मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर काचेचं कपाट होतं. धावण्याच्या ढाली, बुद्धिबळाचे चषक, समूहगानाचं रुप्याचं तबक, नाचाच्या दोन बाहुल्या असं सगळं त्यात दाटीवाटीने बसलेलं. मधला एक कप्पा मात्र मोठ्या बाईंनी हट्टाने रिकामा ठेवला होता, आंतरशालेय नाट्यस्पर्धेच्या फिरत्या चषकासाठी. तो चषक सगळीकडे फिरायचा, फक्त ह्या शाळेकडे फिरकायचा नाही. रिकामा कप्पा वाईट दिसतो म्हणून शिपायाने तिथे एक कुंडी ठेवली होती आणि ती कुंडी दर वर्षी अधिकच बहरत होती.

गेल्या वर्षी तो चषक अगदी हातातोंडाशी आला होता. पण स्पर्धेच्या सभागृहाचं बांधकाम फारच उत्तम निघालं. मागच्या रांगेत टाचणी पडली तरी पुढे ऐकू यावी असं. त्यामुळे बाईंची कुजबुज पोराच्या कानात शिरायच्या आधी परीक्षकांच्या कानात शिरली. निकालपत्रात लिहून आलं, "अभिनय सुरेख, परंतु पुष्कळशी वाक्ये दोनदा ऐकू आली." चषक दुसरीकडे गेला. बाईंना कुणी एक शब्द बोललं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. त्यात यंदा आयोजकांनी नियमच काढला की विंगेत प्रॉम्प्टर नको. विंगेतून किंवा सभागृहातून कुणी एक शब्द जरी पुरवला, तरी ते नाटक स्पर्धेतून बाद.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका," नाटकवाले सर म्हणाले. हे सर शाळेसाठी नाटकं लिहायचे, बसवायचे, आणि जमेल तिथे स्वतःची वाक्यं ऐकून स्वतःच मान डोलवायचे. "तुम्ही ह्या वेळी समोर बसा. आरामात नाटक बघा."

"बसते की," बाई म्हणाल्या. "तोंडाला कुलूप लावून बसते."

यंदाचं नाटक होतं एका घराचं. थोरली मुलगी रागावून घर सोडून गेलेली, आणि म्हातारी आजी रोज संध्याकाळी तिच्यासाठी दार उघडं ठेवून बसलेली. शेवटी नातू विचारतो, "आजी, आता ती येत नाही. दार लावून घेऊ?" त्यावर आजीचं भाषण. चांगलं पानभर. सरांच्या मते हे पान म्हणजे त्यांच्या सगळ्या लेखनातलं सोनं होतं, आणि त्यातला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर ते जेवत नसत. भाषण संपलं की थोरली दारातून आत येते आणि पडदा.

आजी झाली होती भिंगरी. एका जागी स्वस्थ बसली तर आजारी आहे समजावं अशी पोर, आणि तिला काम दिलं खुर्चीतून न हलणाऱ्या म्हातारीचं. पण सरांची नजर पक्की होती. खुर्चीत बसली की ती खरोखर म्हातारी व्हायची. एकच घोटाळा होता. त्या पानभर भाषणाचे पहिले शब्द तिला कधीच आठवायचे नाहीत. "नाही, दार" एवढं मिळालं की पुढचं पान धडाधड यायचं. तालमीत ते दोन शब्द बाई द्यायच्या. नातू विचारायचा, विंगेतून अंहं यायचं, मग "नाही, दार", आणि गाडी सुटायची.

नियमाचं कळल्यावर भिंगरी भूगोलाच्या तासानंतर बाईंच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. पाय हलत नव्हते, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"बाई, मी तिथे अडले तर?"

"मी आहे ना समोर."

"समोर असून काय उपयोग? तुम्ही बोलणार नाही."

"अडलीस तर मोठा श्वास घे. आठवतं."

"तुम्हाला आठवलं होतं?"

पेल्याची गोष्ट सगळ्या शाळेला माहीत होती. बाईंनी नकाशाची गुंडाळी उगीचच पुन्हा उलगडली, पुन्हा गुंडाळली, आणि म्हणाल्या, "जा, डबा खा." त्यानंतर घरी त्यांचं कशात लक्ष लागेना. नवऱ्याच्या चहात त्यांनी मीठ घातलं आणि नवराही तो मुकाट्याने प्यायला, कारण त्या वेळी बोलणं बरं नव्हे हे त्याला कळत होतं.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह खचाखच भरलं होतं. बाई मधल्या रांगेत बसल्या, शेजारी नवरा. त्याने खिशातून चिकट टॉफी काढून दिली.

"ही तोंडात ठेव. दात चिकटले की बोलता येत नाही."

"माझ्यावर एवढाच विश्वास का?"

"तुझ्यावर आहे. तुझ्या जिभेवर नाही."

पडदा वर गेला आणि बाईंचं पहिलं म्हणणं, अर्थात मनातल्या मनात, हे की दार चुकीच्या बाजूला लावलंय. मग उमजलं की दार बरोबर आहे, आपणच समोर आहोत. जन्मभर पोरांना पूर्व-पश्चिम शिकवलेल्या बाई दिशा चुकल्या होत्या. आणि पोरं काय दिसत होती! नातवाला दुसरा कानही होता. भिंगरीच्या उजव्या गालाला खळी पडते, हे तर त्यांना कधी कळलंच नव्हतं. सुईत दोरा ओवायला गेलेली आजी तीन वेळा हुकली, तेव्हा सभागृह हसलं, आणि ते हसू बाईंच्या अंगावरून पुढे गेलं. विंगेत हसू ऐकू यायचं, पण भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांचं यावं तसं. इथे त्या त्याच्या मधोमध बसल्या होत्या. त्यांना इतका आनंद झाला की टॉफी कधी विरघळली ते कळलंच नाही.

असं मजेत रंगत नाटक शेवटाला आलं. नातू उठला, दारापाशी गेला, म्हणाला, "आजी, आता ती येत नाही. दार लावून घेऊ?"

आजी गप्प.

पहिल्यांदा लोकांना वाटलं, विचार करतेय. बाईंनी मात्र भिंगरीची मान वळलेली पाहिली. ती दाराकडे बघत होती, म्हणजे विंगेकडे, म्हणजे त्या बुटक्या स्टुलाकडे. पोरांनी सवयीने ते इथेही आणून ठेवलं होतं, पण आज ते रिकामं होतं. ती बघत राहिली. नातू कडीवर हात ठेवून उभा. दोन शब्द हवे होते, फक्त दोन, आणि ते बाईंच्या जिभेच्या टोकावर नाचत होते.

त्या क्षणी बाईंना चषक दिसेना, कपाट दिसेना, कुंडीही दिसेना. दिसत होती एक पोर, भर रंगमंचावर, विंगेकडे बघणारी, आणि कुणी काही सांगेना. हे त्यांना सोसवेना. मरो तो चषक, असं त्यांनी मनाशी म्हटलं, अगदी ह्याच शब्दांत. गेल्या वर्षी माझ्यामुळे गेला, यंदाही माझ्यामुळे जाईल, शाळा मला खाईल की काय. त्या खुर्चीच्या कडेला सरकल्या. नवऱ्याने ते पाहिलं, पण हात धरला नाही. त्यांनी सवयीप्रमाणे घसा साफ करायला श्वास आत घेतला.

"अंहं."

तो आवाज त्यांचा नव्हता. रंगमंचावरून आला होता. भिंगरीने घसा साफ केला होता, पण कसा, तर हुबेहूब बाईंसारखा, नाकातून सुरू करून घशात संपवलेला. आणि सभागृहाने तो ऐकला तो घसा साफ केल्यासारखा नव्हे. नातवाने विचारलं होतं, दार लावून घेऊ? आणि आजी म्हणाली होती, अंहं. एवढंच. दाराकडे बघत, शांतपणे, जगात दुसरं उत्तरच नसल्यासारखं.

परीक्षकांतल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी पेन खाली ठेवलं.

आता खरी गंमत दाराआड झाली. थोरलीचं काम करणारी उंच मुलगी, जिला सगळे शिडी म्हणायचे, रिकाम्या स्टुलाशेजारी उभी होती. तिने आत जायचं ते भाषण संपल्यावर. भाषण सुरूच झालं नव्हतं. पण तिच्या कानांवर अंहं पडलं होतं, आणि शाळेत आल्यापासून ती एकच गोष्ट शिकली होती की अंहं आलं की आत जायचं. पाठीवर थाप तेवढी आली नव्हती. ती थापेसाठी थोडी थांबली. थाप काही येईना. मग तिने स्वतःशी विचार केला की अंहं ते अंहं, आणि ती दारातून आत गेली.

आजीने नाही म्हटलं, आणि जिच्यासाठी दार उघडं होतं ती दारात उभी राहिली. नातवाला काय करावं सुचेना, म्हणून त्याने कडीवरचा हात काढला. त्याहून चांगलं दुसरं काही त्याला करताच आलं नसतं. भिंगरी खुर्चीतून उठली. ती का उठली, हे तिचं तिलाच ठाऊक. बहुधा भाषणातून सुटका झाल्याच्या आनंदात. पण संबंध नाटकभर न उठलेली म्हातारी उठली, हे पाहून बाईंच्या मागच्या रांगेतले एक धिप्पाड गृहस्थ मोठ्याने नाक शिंकरू लागले. पडदा पडला. टाळ्या थांबेचनात.

सर तेवढे विंगेत कपाळ धरून बसले होते. "माझं पान," ते म्हणत होते. "माझं पानच्या पान."

निकाल त्याच संध्याकाळी लागला. अभिनयाचं पहिलं पारितोषिक भिंगरीला, नाटकाचा फिरता चषक शाळेला, आणि लेखनाचं पारितोषिक सरांना. पांढऱ्या केसांच्या परीक्षक बाई माईकवर म्हणाल्या, "अशा जागी लेखकाला पानभर भाषण लिहायचा मोह होतो. ह्या लेखकाने तो आवरला आणि सारं एका हुंकारात बसवलं. त्यांचं विशेष कौतुक." सरांनी पारितोषिक घेतलं. तोंडावर हसू होतं, पण दाढ दुखत असतानाचं. पुढे आठवडाभर ते शिक्षकांच्या खोलीत मोह आवरण्याचं महत्त्व सांगत होते.

रंगमंचामागच्या बोळकांडात गर्दी उसळली होती. मोठ्या बाई चषक पोटाशी धरून उभ्या होत्या आणि कुणाला हात लावू देत नव्हत्या. अंहंबाई आल्या तशी भिंगरी गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी आली. अर्धी म्हातारी पुसली गेली होती, अर्धी अजून तोंडावर होती.

"बाई, मी विसरले होते."

"कळलं मला."

"श्वास घेतला. तरी नाही आठवलं." पोर आता जागच्या जागी उड्या मारत होती. "मग म्हटलं, आठवायच्या आधी तुम्ही काय करता, ते करून बघू या."

बाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. घसा साफ करून पाहिला, पण ह्या वेळी त्यापुढे काही येईना. मग त्यांनी भिंगरीला जवळ घेतलं, आणि पोरीच्या केसांची पांढरी पावडर त्यांच्या चांगल्या कपड्यांना लागली ती लागली.

फोटोग्राफर ओरडत होता की सगळे रंगमंचाच्या मधल्या पायऱ्यांवर या. पोरं बसली, सर बसले, मोठ्या बाई चषकासह बसल्या. अंहंबाई सवयीने डाव्या टोकाला गेल्या आणि निम्म्या पडद्याआड उभ्या राहिल्या. शाळेच्या जुन्या फोटोंत त्या सगळीकडे आहेत, कुठे कोपर म्हणून, कुठे चपलेचं टोक म्हणून. शिडीने त्यांना तिथून ओढून काढलं, भिंगरीने मागून ढकललं, आणि पोरांनी त्यांना बरोबर मध्ये आणून बसवलं. समोर दिवे, सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे. बाई लहानपणानंतर पहिल्यांदाच रंगमंचाच्या मधोमध होत्या. त्यांच्या तोंडाला कोरड पडली. इतक्यात मधल्या रांगेतून नवरा सावकाश चालत आला, पायऱ्यांपाशी थांबला आणि त्याने पाण्याची बाटली वर केली.

"पाणी आणलंय," तो म्हणाला.

बाई आधी थबकल्या आणि मग इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. पोरंही हसली, आणि सरांनाही मग हसावंच लागलं.

तो चषक आता कपाटाच्या मधल्या कप्प्यात आहे आणि कुंडी खिडकीत गेली आहे. चषकाशेजारी तो फोटो लावलाय. हसण्याचा भर ओसरल्यावर फोटोग्राफर म्हणाला होता, आता नीट बसा आणि हसा, आणि त्याबरोबर पोरं नेहमीसारखी ताठ झाली होती. तरी फोटोत सगळी पोरं छान हसताहेत ती कॅमेऱ्याकडे बघून नाही, बाईंकडे बघून. आणि मधोमध अंहंबाईंचं तोंड जरासं उघडं आहे, कारण त्या पोरांना हळूच सांगताहेत, "अंहं, हसा."